न खाल्लेला वडापाव

"खरं सांगा, काय खाल्लं?"

आमच्या घरात सकाळ या प्रश्नाने सुरू व्हायची. आधी सुई, मग रक्ताचा थेंब, मग त्या पिटुकल्या मशीनवरचा शुगरचा आकडा, आणि मग हा प्रश्न. विचारणारी माझी बायको प्रभावती. विचारताना ती माझ्या तोंडाकडे बघायची नाही, शर्टाच्या खिशाकडे बघायची. खिशात शेवेचा कण, वेफरचा तुकडा, काहीतरी सापडेल अशी तिला रोज आशा असायची.

"काही नाही खाल्लं," मी म्हणायचो.

"मग शुगर काय वाऱ्यानं वाढली?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसलेला माणूस आपोआप चोर दिसतो.

प्रकरण चेष्टेचं नव्हतं. चपलेने घासून उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला जखम झाली होती आणि ती काही केल्या भरत नव्हती. डॉक्टरांनी बोट उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "शुगर उतरली तर भरेल. पुढच्या भेटीपर्यंत नाही उतरली तर बोट काढावं लागेल, आजोबा."

मी आधी भोसरीला आणि मग चाकणला प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबणाऱ्या मशीनवर, नोकरी काढली. त्या खात्यातला माणूस रिटायर झाला की लोक आधी त्याच्या हाताची बोटं मोजतात. माझी दहाही शाबूत होती. निरोपाच्या कार्यक्रमात मी दोन्ही पंजे वर करून दाखवले तेव्हा माझ्या भाषणापेक्षा जास्त टाळ्या पडल्या. आणि आता घरी बसल्या बसल्या पायाचं बोट जाणार! मला फार भीती वाटत होती. ड्रेसिंग करताना प्रभावती बांधलेली पट्टी दोन-दोनदा सोडून पुन्हा बांधायची, म्हणजे तिलाही वाटत होती. फरक एवढाच, की घाबरलो की मी गप्प बसतो आणि ती संशय घेते.

तिच्या संशयाला कारणही होतं. माझ्या थोरल्या भावालाही हाच आजार. तो उशीखाली पेढे लपवायचा आणि सगळ्यांसमोर कारल्याचा रस प्यायचा. आधी त्याचा पाय गेला, मग तोही गेला. ते पेढे उशीखालून काढले ते प्रभावतीनेच. तेव्हापासून आमच्या खानदानातल्या पुरुषांच्या शब्दावरून तिचा विश्वास जो उडाला, तो उडालाच.

भात, भाकरी, बटाटा, साखर, सगळं बंद झालं. मग माणसाने खायचं काय? यावर आमच्या सुनेने, नेहाने, मोबाइलवरून तोडगा शोधला. लो-कार्ब बीफ स्ट्यू. पोटभरीचं, आणि त्यात धान्याचा दाणाही नाही.

बीफ म्हणजे आपल्याकडे म्हशीचं. आमच्या घरात त्याला नुसतं 'मोठ्याचं' म्हणतात, तेही खिडकी लावून. माझी आई गावाकडे ते शिजवायची तेव्हा "कालवण केलंय" एवढंच सांगायची; कशाचं ते कुणी विचारायचं नाही. इथे संत तुकाराम नगरात राहायला आल्यावर प्रभावती ते पिशवीत पिशवी घालून आणायची आणि वर मेथीची जुडी ठेवायची. आता तेच कालवण इंग्रजी नाव लावून, डॉक्टरांना विचारून, राजरोस आमच्या गॅसवर चढणार होतं. मी खूश झालो. खिडकी मात्र प्रभावतीने लावलीच.

पहिल्यांदा ते नेहानेच केलं. मोठाले तुकडे, चरबी काढलेले. ते आधी तेलात चांगले लाल होईपर्यंत परतले. मग कांदा, लसूण, टोमॅटो, मिरी, तमालपत्र. बटाट्याच्या जागी सलगम आणि मश्रूम. कुकर नाही, जाड बुडाचं पातेलं, वर झाकण आणि मंद आच. अख्खी सकाळ ते रटरटत होतं. मांस बोटाने तुटेल इतकं मऊ झालं. प्रभावतीने पळीभर तोंडात घेतलं आणि नेहाकडे पाहिलं.

"हे कालवण आहे का भांडी विसळलेलं पाणी?"

"मम्मी, त्यात मैदा किंवा बटाटा घातला तर दाट होतं. आपल्याला तेच नकोय ना."

"बघते मी," प्रभावती म्हणाली, आणि दुसऱ्या खेपेपासून पळी तिच्या हातात गेली. नेहाचे तुकडे राहिले, नेहाचा सलगम राहिला, मंद आचही राहिली. वर प्रभावतीने वाटण लावलं, घरचे मसाले घातले, आणि रस्सा असा दाट झाला की भाकरीची आठवण येईना. मी वाडगा भरून घ्यायचो आणि परत पुढे करायचो. आठवड्यातून चार-पाच दिवस हेच. नेहा वाडग्याचा फोटो काढून सनीला पाठवायची. सनी म्हणजे माझा मुलगा, कंपनीने चेन्नईला पाठवलेला. तो उत्तरादाखल वर केलेला अंगठा पाठवायचा.

शुगर मात्र जागची हलेना.

मग घरात पोलीस ठाणं सुरू झालं. तांदळाच्या डब्यात वर बोटाने नक्षी काढलेली. कुणी हात घातला तर मोडावी म्हणून. गुळाच्या डब्याला रबर, तेही खास तिच्या पद्धतीचा पीळ देऊन. मी त्या डब्यांच्या वाऱ्यालाही उभा राहत नव्हतो. पण नक्षी शाबूत दिसली की तिचा संशय फिटायच्या ऐवजी वाढायचा.

"म्हणजे बाहेर खायलाव," ती म्हणायची. आमचं मूळ लातूरकडचं. राग आला की तिच्या बोलण्यात गाव येतं.

एकदा मी मैदानाजवळच्या टपरीवर चहा प्यायला गेलो. मी तोंड उघडण्याआधीच चहावाल्याने बिनसाखरेचा कप पुढे केला. आता मला संशय आला.

"तुला कुणी सांगितलं रे?"

त्याने मोबाइल काढून दाखवला. माझा फोटो. सनीच्या लग्नातला, फेटा बांधलेला.

"काकू येऊन गेल्या. म्हणाल्या, हा माणूस आला तर गोड, तळलेलं काही द्यायचं नाही."

मी शेजारच्या वडापाववाल्याकडे पाहिलं. त्याने घाईघाईने कढईत मान घातली. त्याच्याही मोबाइलात मी फेटा बांधून बसलो होतो. पुढे भेळवाला, बेकरीवाला, रसवंतीवाला. साऱ्या रस्त्याला मी गुन्हेगार म्हणून माहीत झालो होतो. इतकी वर्षं कंपनीच्या गेटवर डबा उघडून दाखवला, कधी एक नट-बोल्ट सापडला नाही, आणि म्हातारपणी ही इज्जत!

सोपानरावाला गाठलं. सोपानराव मोशीचा, प्रेस शॉपमध्ये माझ्या शेजारच्या मशीनवरचा. त्याच्या डाव्या हाताला साडेतीन बोटं आहेत. त्याच्या डब्यातलं मी न विचारता खायचो, माझ्या डब्यातलं तो आधी "आज काय हाय?" विचारून खायचा. एवढं सोडलं तर आमच्यात कधी काही आड आलं नाही. संध्याकाळी तो मला काठी टेकत चालवायला न्यायचा.

"सोपान, तू तरी सांग तिला, मी काही खात नाही म्हणून."

"वहिनींनी मला शपथ घातलीया. खरं त्येच सांगनार."

"मग सांग ना खरं!"

"माज्यासमूर तुमी काय खाल्लं न्हाई, एवढंच म्या सांगू शकतो, राव."

म्हणजे यालाही खात्री नव्हती! त्या दिवशी मी त्याच्याशी पुढे बोललो नाही.

मग मीही संशय घ्यायला लागलो. एकट्याने चोर होण्यात काय मजा? आधी मशीनवर. सोपानरावाचं बोट टोचून पाहिलं, त्याची शुगर पोरासारखी निघाली. मग गोळ्यांवर. मेडिकलवाल्याशी भांडून आलो, गोळ्या बरोबर होत्या. शेवटी प्रभावतीवर. मला उपाशी मारून ही आत ताव मारत असणार. एका दुपारी पाय न वाजवता स्वयंपाकघराच्या दारात गेलो. ती ओट्याशी उभी राहून वाडग्यातला माझाच रस्सा पीत होती, नुसता. भाकरीची टोपली पालथी घातलेली. माझ्याबरोबर तिनेही भाकरी सोडली होती आणि मला पत्ता नव्हता. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मला इतकी लाज वाटली की मी मागच्या मागे वळलो. काठी दाराला लागली.

"डब्याला हात लावलात ना?" आतून आवाज आला.

अशात दिघीहून फोन आला. प्रभावतीच्या बहिणीचं, शालनबाईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. प्रभावतीला जाणं भाग होतं. जाताना तिने नेहाला अशा सूचना दिल्या की जणू घरात सराईत दरोडेखोर सोडून चालली आहे.

ती गेल्यावर स्वयंपाक नेहाकडे आला. मोबाइलमध्ये दाखवलेला तोच स्ट्यू, तसाच पातळ. मी मुकाट्याने प्यायलो. आणि शुगर उतरायला लागली. रोज थोडी थोडी. मी मशीन हलवून पाहिलं. नेहाने टाळ्या वाजवल्या आणि सासूला फोन केला.

प्रभावती परत आली ती पिशवी खाली न ठेवताच म्हणाली, "रक्त कुणाचं?"

"म्हणजे?"

"मशीनला रक्त कुणाचं लावलं? नेहाचं का सोपानरावांचं?"

तिने स्वतः सुई घेतली, माझं बोट धरलं, टोचलं. आकडा तसाच, चांगला. तिने मशीन उजेडात धरून आकडा पुन्हा वाचला. मला वाटलं आता हसेल.

"म्हणजे मी नसले की तुम्ही नीट राहता," ती म्हणाली. "मी असले की खाता. माझ्यावर कशाचा सूड घ्यायलाव?"

हे मला लागलं. तिच्याशी संसार केल्याला इतकी वर्षं झाली, पण इतकं कधी लागलं नव्हतं. त्या दिवशी तिने तिच्या पद्धतीचं कालवण केलं, मी जेवलो, आणि दुसऱ्या दिवशी आकडा परत वर. या वेळी तिने प्रश्न विचारला नाही. ड्रेसिंगचा डबा मांडीवर घेऊन ती रडली.

"भाऊजींसारखं जायचंय का तुम्हाला?"

डॉक्टरांकडे जायचा दिवस जवळ आला होता.

कंपनीत जॉबला, म्हणजे मशीनवर घडवलेल्या भागाला, तडा गेला की पहिलं उत्तर ठरलेलं असायचं: ऑपरेटरची चूक. पण आमचे जुने साहेब ते उत्तर घ्यायचे नाहीत. 'का?' विचारायचे, मग त्या उत्तरालाही 'का?', असं खोदत न्यायचे. बऱ्याचदा ऑपरेटर निर्दोष निघायचा आणि बाहेरून आलेला पत्राच खराब असायचा. इथे ऑपरेटर मी. मी काही केलं नव्हतं हे जगात फक्त मला माहीत होतं. मग आत काय येतंय ते बघायला हवं होतं. नेहाचं मांस तेच, सलगम तोच, पातेलं तेच. मग प्रभावतीच्या हातून जास्तीचं काय जातं?

संध्याकाळी ती विहारात वंदनेला गेली. नेहा ऑफिसातून यायची होती. मी मसाल्याच्या फळीवरचे डबे एकेक करून उघडले. काळा मसाला, धने, खोबरं. आणि मागे बिस्किटांचा जुना डबा. येसूर.

आमच्याकडे येसुराशिवाय रस्सा होत नाही. लग्न असो, बारसं असो, चुलीवर मोठं पातेलं चढलं की मुठीने येसूर पडतो आणि रस्सा दाटतो. मी चिमूटभर तळहातावर घेतला आणि जिभेला लावला. भाजलेल्या बाजरीचा खमंग वास आला. आई परातीत बाजरी, ज्वारी, गहू, डाळ भाजून घ्यायची, मसाल्याबरोबर जात्यावर दळायची. डबा मसाल्याच्या फळीवर राहतो म्हणून आम्ही सगळे त्याला मसालाच म्हणतो. त्यात पीठ आहे हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आणि पोटात भाकरी जात नाही म्हणून प्रभावती रस्सा आणखी दाट करायची. मी दोन-दोन वाडगे भाकरीच पीत होतो.

सापडला चोर! डबा हातात धरून दारात उभं राहायचं, आल्या आल्या तिला विचारायचं, "खरं सांग, काय घातलंस?" मी खरंच दारापर्यंत गेलो.

मग आठवलं. नवी नवरी होऊन आली तेव्हा आई हिला म्हणाली होती, "तुला येसूर जमायचा नाही." हिने तो जमवला. आई शेवटच्या दुखण्यात काही खाईना, तेव्हा हिच्याच हातच्या रश्श्यावर जगली. घरात या बाईला एकाच गोष्टीचा ताठा आहे, तो या डब्याचा. आता तिला सांगायचं, की तू रस्ताभर माझे फोटो वाटलेस, भाकरी सोडलीस, रडलीस, आणि माझ्या पायाचं बोट तूच मुठीमुठीने घालवत होतीस? माझ्याने होईना. मी डबा जागेवर ठेवला.

ती आली. पाणी प्यायली. मी म्हणालो, "प्रभा, मी वडापाव खात होतो."

ती वळली. "कुठं?"

"मैदानाजवळ."

"तो देणार नाही तुम्हाला."

"मग चिंचवडला. स्टेशनजवळ."

"या पायानं? कशानं गेलात?"

"रिक्षानं."

"आणि सोपानराव कुठं होते?"

"तो... तो बाहेर थांबला होता."

"परवाच मला म्हणाले, मैदानाच्या पुढं गेलो नाही म्हणून. शपथेवर." ती जवळ आली. आयुष्यात पहिल्यांदा तिने खिशाकडे न बघता माझ्या तोंडाकडे पाहिलं. "खोटं बोलायलाव तुम्ही. भाऊजींना जमायचं, तुम्हाला जमत नाही. वडापाव नाहीच खाल्ला तुम्ही."

"खाल्ला."

"नाही खाल्ला. मग उगा अंगावर कशाला घ्यायलाव? कुणाला झाकायलाव? नेहाला?"

"नेहाचं नाव घेऊ नको. आता माझं एवढंच ऐक, कालवण नेहासारखं कर. मसाला नको. पित्त होतंय."

"पित्त." ती फळीकडे गेली. तिच्या डबे लावण्याला एक शिस्त आहे, आणि मी बिस्किटांचा डबा चित्र उलट्या बाजूला करून ठेवला होता. तिने झाकण काढलं, वास घेतला, आणि मला दाखवायला म्हणून बोटांवर मोजायला लागली, "यात पित्ताचं काय आहे? बाजरी, ज्वारी, गहू, डाळ..."

बोटं तिथेच थांबली. धने आणि खोबरं मोजायचं राहून गेलं.

"प्रभा," मी म्हणालो, "असू दे."

झाकण लावून तिने डबा पिशवीत घातला, पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली आणि माळ्यावर ठेवली. त्या दिवसापासून कालवण नेहासारखं पातळ व्हायला लागलं. प्रभावतीनेच केलं, पण चव घेतल्यावर भांडी विसळलेल्या पाण्याचं नाव काढलं नाही.

डॉक्टरांकडे मी, ती आणि नेहा गेलो. त्यांनी आकडे पाहिले, बोट पाहिलं, जखमेची कड दाबून पाहिली. "सुकतेय," ते म्हणाले. "काढायची गरज नाही." नेहाने माझा खांदा घट्ट धरला. मग डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, "आता खरं सांगा आजोबा, मधे काय खात होतात?"

प्रभावती मान खाली घालून बसली होती, पदराचं टोक पिळत.

"वडापाव," मी म्हणालो.

मग डॉक्टर मला जे बोलले ते बोलले. या वयात जिभेवर ताबा नको का, घरच्या बाईचे हाल दिसत नाहीत का, अजून पुष्कळ. मी सगळं ऐकून घेतलं. बूट घालताना पायाची दहाही बोटं हलवून पाहिली.

परतताना प्रभावतीने रिक्षा मैदानापाशी थांबवली. मला हाताला धरून खाली उतरवलं आणि सरळ वडापाववाल्यासमोर नेऊन उभं केलं. चहावालाही बघायला लागला.

"यांचा फोटो आहे ना तुमच्याकडे? काढून टाका," ती म्हणाली. आवाज चढलेला, डोळे भरलेले. "यांनी काही खाल्लं नव्हतं. एक घासही नाही. माझीच चूक होती. सगळ्यांनी काढून टाका."

वडापाववाल्याने गोंधळून मोबाइल काढला. फेट्यातला मी पुसला गेला. मग त्याने एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे काकू, आता आले तर द्यायचा का काकांना?"

"ते मागणार नाहीत," प्रभावती म्हणाली.

वडे नुकतेच कढईतून निघत होते. मी तिचा हात धरून रिक्षाकडे वळलो.